मुलाची दंतवैद्याकडची पहिली भेट : पालकांनी करायची तयारी

मुलाला दंतवैद्याकडे पहिल्यांदा केव्हा न्यावे, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ पालकांच्या अपेक्षेपेक्षा बरेच लवकरचे आहे. पहिला दात हिरडीबाहेर आल्यापासून सहा महिन्यांच्या आत, आणि उशिरात उशिरा पहिल्या वाढदिवसापर्यंत, असे ‘अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक डेंटिस्ट्री’ ही बालदंतवैद्यांची संस्था सांगते. पहिला दात साधारणपणे सहाव्या महिन्याच्या सुमारास, बहुधा खालच्या जबड्यात समोर येतो. म्हणजे या भेटीच्या वेळी बाळाच्या तोंडात मोजकेच दात असतात. एवढ्यासाठी दवाखान्याची पायरी कशाला चढायची, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात कितीतरी मुलांची पहिली भेट दात दुखू लागल्यावरच होते, आणि तयारीच्या दृष्टीने तीच सर्वांत प्रतिकूल वेळ असते. मूल रात्रभर झोपलेले नसते, पालक धास्तावलेले असतात, दंतवैद्याला मुलाशी ओळख करून घेण्याइतकी उसंत नसते आणि पहिल्याच दिवशी उपचार करावे लागतात. पुढच्या सगळ्या सूचना बाजूला ठेवल्या आणि ‘काहीही दुखत नसताना पहिल्यांदा जावे’ एवढी एकच पाळली, तरी निम्मे काम झाले असे समजायला हरकत नाही.

दुधाचे दात पुढे पडणारच आहेत, हा युक्तिवाद येथे टिकत नाही. एकूण २० दुधाच्या दातांपैकी समोरचे सहा-सात वर्षांच्या सुमारास पडू लागतात हे खरे. पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. तोवर मूल त्यांनीच चावते, आणि जबड्यात तयार होत असलेल्या कायमच्या दातांची जागाही त्याच राखून ठेवतात. दुधाच्या दाताचे बाहेरचे कवच, म्हणजे इनॅमल, कायमच्या दाताच्या मानाने पातळ असते आणि आतली नस पृष्ठभागाच्या अधिक जवळ असते. त्यामुळे कीड लागली की ती नसेपर्यंत पोचायला फार काळ लागत नाही. वरच्या पुढच्या दातांवर हिरडीलगत उमटणारी खडूसारखी पांढरी रेघ ही किडीची पहिली खूण असू शकते, आणि त्या अवस्थेत फ्लोराइडच्या वापराने व खाण्यापिण्याच्या सवयी बदलून ती थांबवता येते. घरी ही रेघ सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. दंतवैद्याला ती ओठ उचलताच दिसते.

वर्षाच्या आतल्या बाळाला समजावून सांगण्यासारखे काही नसते. त्या भेटीची तयारी पालकांनी आपले प्रश्न आणि माहिती जमवून करायची असते. पुढील विवेचन प्रामुख्याने दोन ते सहा वर्षांच्या मुलांना डोळ्यांपुढे ठेवून केले आहे. मूल पाच वर्षांचे झाले आणि अजून एकदाही दंतवैद्याकडे गेलेले नाही, म्हणून अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. मात्र भेट आणखी पुढे ढकलण्याचेही नाही.

पहिली पायरी : दवाखाना आणि वेळ ठरवणे

बालदंतवैद्य म्हणजे दंतवैद्यकाची पदवी घेतल्यानंतर मुलांच्या दातांचे आणि मुलांशी वागण्याचे वेगळे शिक्षण घेतलेला तज्ज्ञ. तो उपलब्ध असेल तर उत्तमच. पण लहान मुलांची सवय असलेला, घाई न करणारा सर्वसाधारण दंतवैद्यही पहिल्या तपासणीसाठी पुरेसा असतो. दारावरच्या पाटीपेक्षा फोनवर मिळणाऱ्या उत्तरांवरून दवाखाना अधिक चांगला कळतो, असे माझे मत आहे. वेळ घेतानाच विचारावे की पहिल्या भेटीत नेमके काय काय केले जाते, पालकांना मुलाजवळ बसू दिले जाते का, आणि मुलाने तोंड उघडलेच नाही तर काय करतात. या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नीट ऐकावे. ‘मग आम्ही थांबतो, खुर्चीवर नुसते बसवून पाठवतो आणि पुन्हा बोलावतो’ असे उत्तर मिळाले, तर तो दवाखाना मुलांना ओळखतो. ‘त्याची काळजी करू नका, आम्ही धरून करून घेतो’ असे उत्तर मिळाले, तर तातडीचे काही नसताना दुसरीकडे चौकशी करणे बरे.

मुलाला हृदयाचा जन्मजात दोष, रक्त लवकर न थांबण्याचा विकार, दमा किंवा एखाद्या औषधाची ॲलर्जी असेल, तर ते भेटीच्या दिवसापर्यंत न थांबता फोनवरच सांगावे. हृदयाच्या काही दोषांमध्ये विशिष्ट दंतोपचारांपूर्वी प्रतिजैविकाचा डोस द्यावा लागतो, आणि त्यासाठी दंतवैद्याला मुलाच्या डॉक्टरांशी आधी बोलावे लागते.

वेळ सकाळची घ्यावी. लहान मूल झोप पूर्ण झालेली असताना आणि पोट भरलेले असताना जितके समजूतदार असते, तितके दिवसभरात पुन्हा क्वचितच असते. दुपारच्या झोपेच्या वेळी किंवा शाळेतून दमून आल्यावरची वेळ केवळ पालकांच्या सोयीची म्हणून घेऊ नये. शक्य असल्यास दवाखान्याची दिवसातली पहिलीच वेळ मागावी, कारण त्या वेळी आधीचे रुग्ण रेंगाळल्यामुळे ताटकळत बसावे लागत नाही. कित्येक मुले खुर्चीवर बसण्यापूर्वीच, बाहेर वाट पाहण्याच्या त्या अर्ध्या तासात बिथरतात.

दुसरी पायरी : घरातला सराव

भेटीच्या आठ-दहा दिवस आधीपासून रोज काही मिनिटे सराव करावा, आणि तो भेटीसाठी आहे असे मुलाला सांगण्याची गरज नाही. दवाखान्यात जे जे नवे वाटणार आहे, ते एकेक करून घरात आधी परिचयाचे करून ठेवायचे, एवढाच यामागचा हेतू.

सुरुवात दात मोजण्यापासून करावी. आरशासमोर उभे राहून आधी मुलाने मोठ्यांचे दात मोजावेत, मग मोठ्यांनी मुलाचे. मुलाला अंक येत नसले तरी बिघडत नाही. तोंड उघडे ठेवून कोणीतरी आत पाहते आहे आणि त्यात धोका नाही, हे त्याला कळणे महत्त्वाचे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हाच खेळ मुलाला आडवे करून खेळावा. दंतवैद्याकडे बहुतेक मुलांना सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती खुर्ची मागे कलणे आणि आपण पाठीवर पडलेले असताना अनोळखी चेहरा वरून डोकावणे. म्हणून मोठ्या माणसाने जमिनीवर किंवा पलंगावर बसावे, मुलाचे डोके आपल्या मांडीवर घ्यावे आणि त्याच स्थितीत दात मोजावेत, त्याच स्थितीत ब्रशही करावा. लहान मुलांचे दात घासण्याची ही एरवीही चांगली पद्धत आहे, कारण मागच्या दाढा आणि वरच्या दातांची हिरडीलगतची बाजू यात स्पष्ट दिसते.

मग एकेक वस्तू आणावी. छोट्या विजेरीचा उजेड तोंडात टाकावा. दंतवैद्याच्या दिव्याची ती पूर्वतयारी होते. स्वच्छ छोटा चमचा आरसा म्हणून वापरून त्याने गाल हलकेच बाजूला सारावा, म्हणजे धातूचा गार स्पर्श अनोळखी राहत नाही. तोंडातली लाळ ओढून घेणारी नळी बऱ्याच मुलांना तिच्या आवाजामुळे घाबरवते. पेल्याच्या तळाशी उरलेले पाणी स्ट्रॉने ओढताना होणारा आवाज काढून दाखवला आणि ‘अशीच एक नळी तिथे असते, ती पाणी पिते’ असे सांगितले की तिची भीती बरीच कमी होते. मास्क आणि हातमोजे मुलासमोर घालावेत. चेहरा आधी दिसला पाहिजे, नंतर झाकला गेला पाहिजे. हा क्रम उलटला तर खेळाचा उपयोग होत नाही.

यानंतर भूमिका बदलाव्यात. मूल डॉक्टर आणि बाहुली रुग्ण, किंवा मूल डॉक्टर आणि बाबा रुग्ण. येथे पालकांनी एक पथ्य पाळावे : रुग्ण झालेल्या बाबांनी गंमत म्हणून किंचाळू नये. विनोदासाठी केलेले ते ओरडणे मुलाच्या मनात माहिती म्हणून नोंदले जाते. डॉक्टर झालेले मूल बाहुलीला काय सांगते, तिच्याशी कसे वागते, याकडे मात्र नीट लक्ष द्यावे. ते बाहुलीला दटावू लागले, सुई टोचू लागले किंवा तिचा दात उपटू लागले, तर त्याने कुठून तरी काहीतरी ऐकले आहे असे समजावे आणि त्याविषयी न रागावता बोलावे.

सरावातली शेवटची गोष्ट म्हणजे थांबण्याची खूण. डावा हात वर केला की समोरच्याने थांबायचे, असे ठरवावे आणि खेळताना ते काटेकोरपणे पाळावे. भेटीच्या दिवशी दंतवैद्याला ही खूण सुरुवातीलाच सांगावी. आपल्याला हवे तेव्हा हे थांबवता येते, याची खात्री असलेले मूल ती खूण प्रत्यक्षात फारशी वापरत नाही. खात्री नसलेले मूल मात्र पहिल्या क्षणापासून तोंड मिटून घेते.

तिसरी पायरी : काय सांगावे आणि काय सांगू नये

तयारीतला सर्वांत नाजूक भाग हाच आहे, आणि सद्हेतूने केलेले नुकसान सर्वाधिक येथेच होते. ‘घाबरू नकोस, अजिबात दुखणार नाही’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक घरात उच्चारले जाते. त्यात दोन अडचणी आहेत. पहिली अशी की मुलाच्या मनात दुखण्याचा विचार आलेलाच नसेल, तर तो या वाक्याने येतो. लहान मूल ‘नाही’ सोडून देते आणि ‘दुखणे’ लक्षात ठेवते. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. हे वचन पाळणे पालकांच्या हातात नसते. तपासणीत एखादी किडलेली दाढ सापडली आणि तिला गार हवेचा झोत लागला, तर दुखेल. आणि त्या क्षणी मुलाचा विश्वास दंतवैद्यावरून नव्हे, तर आईबाबांवरून उडेल. म्हणून जे आपल्याला निश्चित माहीत आहे तेवढेच सांगावे, आणि थोडक्यात सांगावे.

उदाहरणार्थ, तीन वर्षांच्या मुलाला एवढे पुरते : ‘उद्या सकाळी आपण दातांच्या डॉक्टरांकडे जाणार आहोत. तिथे एक मोठी खुर्ची आहे, ती वर-खाली होते. डॉक्टर तुझे दात मोजतील आणि छोट्या आरशातून बघतील. मी तुझ्याजवळच बसणार आहे. मग आपण घरी येऊ.’ यात कोठे जायचे, काय होणार, सोबत कोण असणार आणि शेवट कसा होणार, हे सगळे आले आहे. ‘मग आपण घरी येऊ’ हे वाक्य अनावश्यक वाटले तरी गाळू नये, कारण लहान मुलाला अनोळखी ठिकाणाहून परत येणे हे गृहीत धरता येत नाही.

मुलाने ‘दुखेल का?’ असे थेट विचारले, तर टाळाटाळ करू नये. ‘उद्या डॉक्टर फक्त बघणार आहेत. काही करायचे असेल तर ते आधी तुला सांगतील, आणि तू हात वर केलास की थांबतील’ हे खरे उत्तर आहे आणि पुरेसेही आहे. त्याहून खोलात शिरून इंजेक्शन, ड्रिल, दात काढणे यांची माहिती देण्याचे कारण नाही. उपचार लागलेच तर त्यांचे वर्णन कोणत्या शब्दांत करायचे, हे दंतवैद्यावर सोडावे. मुलांवर उपचार करणाऱ्यांची स्वतःची ठरलेली भाषा असते, आणि पालकांनी आधीच भलते शब्द वापरून ठेवले की ती निष्प्रभ होते. मुलांच्या दंतवैद्यकात ‘सांगा, दाखवा, करा’ या क्रमाची पद्धत फार रुळलेली आहे. १९५९ मध्ये ॲडलस्टन या दंतवैद्यांनी ती मांडली. आधी वस्तूविषयी साध्या शब्दांत सांगायचे, मग ती मुलाच्या बोटावर किंवा नखावर लावून दाखवायची, आणि मगच तोंडात वापरायची. घरी ब्रश, औषध किंवा नखे कापणे यांच्या बाबतीतही हाच क्रम पाळला, तर दवाखान्यात तो मुलाला ओळखीचा वाटतो.

केव्हा सांगावे, हेही वयावर अवलंबून आहे. दोन-तीन वर्षांच्या मुलाला आदल्या संध्याकाळी किंवा त्याच दिवशी सकाळी सांगावे; चार ते सहा वर्षांच्या मुलाला दोन-तीन दिवस आधी सांगितले तर त्याला प्रश्न विचारायला वेळ मिळतो. आठवडाभर आधी सांगितल्याने धीर वाढत नाही, चिंता वाढते. न सांगता, ‘बागेत जाऊ’ असे म्हणून थेट दवाखान्यात नेणे तर कधीच करू नये. तो दिवस कदाचित निभावून जाईल, पण त्यानंतर बागेत जायलाही मूल दोनदा विचार करेल.

घरातल्या इतरांनाही या तयारीत सामील करून घ्यावे लागते. आजी-आजोबा, काका, मावशी, मोठी भावंडे यांच्यापैकी कोणाकडे ना कोणाकडे दात काढल्याची एखादी रंगतदार आठवण असतेच, आणि ती सांगण्यासाठी नेमका हाच आठवडा निवडला जातो. त्यांना आधीच, सौजन्याने पण स्पष्टपणे, ती गोष्ट पुढे कधीतरी सांगावी असे सुचवावे. ‘दात घासले नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील’ ही धमकी तर कायमची बंद व्हायला हवी. ज्या माणसाच्या हाती मुलाला विश्वासाने द्यायचे आहे, त्यालाच शिक्षेचे साधन करून ठेवल्यावर भेटीच्या दिवशी मुलाने सहकार्य करावे ही अपेक्षा अन्यायाची आहे. ‘शहाण्यासारखा बसलास तर मोठे खेळणे घेऊन देईन’ हे आमिषही तितकेच निरुपयोगी, कारण एवढे मोठे बक्षीस मिळणार म्हणजे काहीतरी भयंकर असणार, हा हिशेब चार वर्षांचे मूल सहज करते.

पालकांची स्वतःची भीती हा वेगळा विषय आहे. दंतवैद्याच्या खुर्चीची भीती मोठ्यांमध्येही सर्रास आढळते आणि ती बोलून दाखवली नाही तरी घट्ट धरलेल्या हातातून, बदललेल्या आवाजातून मुलापर्यंत पोचते. ज्याला अधिक भीती वाटते त्याने घरी थांबावे आणि दुसऱ्या पालकाने किंवा मुलाच्या लाडक्या, शांत स्वभावाच्या नातेवाइकाने सोबत जावे. यात कमीपणा काहीच नाही. ज्या पालकांची स्वतःची साधी तपासणी असेल आणि ती त्यांना सहज जात असेल, त्यांनी मुलाला ती पाहायला नेणे मात्र फार उपयुक्त ठरते. केवळ त्या दिवशी उपचार नसावा, तपासणीच असावी.

चौथी पायरी : भेटीचा दिवस

निघण्यापूर्वी मुलाला हलके खायला द्यावे. उपाशी मूल चिडचिडे होते, आणि नुकतेच भरपूर जेवलेल्या मुलाला तोंडात आरसा गेल्यावर उमासे येऊ शकतात. दात नेहमीसारखे घासावेत, सैल कपडे घालावेत, आवडते खेळणे किंवा बाहुली बरोबर घ्यावी. बाहुलीचे दात आधी मोजून घेणारे दंतवैद्य पुष्कळ असतात. तपासणीला बसण्यापूर्वी मुलाला शौचालयात नेऊन आणावे. दवाखान्यात दहा मिनिटे आधी पोचणे पुरेसे आहे.

पालकांनी आपली माहिती एका कागदावर लिहून नेल्यास वेळ वाचतो आणि काही निसटत नाही. मूल रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपते का, रात्रीतून दूध पिते का, अंगठा चोखते का, गोड पदार्थ आणि पेये दिवसातून किती वेळा पोटात जातात, टूथपेस्ट कोणती आणि किती वापरली जाते, तोंडावर कधी पडले होते का, आणि नियमित औषधे कोणती चालू आहेत, या प्रश्नांची उत्तरे दंतवैद्य हमखास विचारतो. ती खरी द्यावीत. रात्रीची बाटली लपवून ठेवली, तर वरच्या पुढच्या दातांवरच्या खुणा ती सांगतातच.

तीन वर्षांच्या आतल्या मुलाला बहुधा खुर्चीवर झोपवलेच जात नाही. पालक आणि दंतवैद्य समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसतात. मूल पालकांकडे तोंड करून, त्यांच्या कमरेभोवती पाय टाकून मांडीवर बसते आणि मग त्याला हळूच मागे कलवून त्याचे डोके दंतवैद्याच्या मांडीवर टेकवले जाते. मुलाला सगळा वेळ आईचा किंवा बाबांचा चेहरा दिसत राहतो आणि त्याचे हात त्यांच्याच हातात असतात. तपासणी एक-दोन मिनिटांत होते. घरी डोके मांडीवर घेऊन ब्रश केलेल्या मुलाला हे फारसे नवे वाटत नाही.

मोठी मुले खुर्चीवर बसतात. या वेळी पालकांचे काम जवळ असणे आणि गप्प राहणे एवढेच असते, आणि ते वाटते तितके सोपे नसते. दंतवैद्य मुलाशी बोलत असताना ‘मोठा आ कर’, ‘हलू नकोस’, ‘बघ, काही होत नाही’ अशा सूचना बाजूने येत राहिल्या, तर मुलाला कोणाचे ऐकावे ते कळत नाही. हात धरावा, चेहरा शांत ठेवावा आणि बोलणे दंतवैद्याला करू द्यावे.

मूल रडले तर भेट फसली असे मुळीच नाही. तीन वर्षांच्या आतल्या मुलाचे अनोळखी माणसासमोर रडणे हे वयाला धरूनच आहे, आणि दंतवैद्य त्याने विचलित होत नाही. रडणाऱ्या मुलाचे तोंड उघडे असते, हा त्यातला व्यावहारिक फायदा. पालकांनी त्यासाठी मुलाला रागावू नये आणि दंतवैद्याची वारंवार क्षमाही मागू नये. मोठे मूल खुर्चीवर चढायलाच तयार नसेल आणि तातडीचे काही नसेल, तर त्या दिवशी दवाखाना पाहून, डॉक्टरांना नाव सांगून परत येणे हीसुद्धा पूर्ण झालेली भेट समजावी.

साध्या पहिल्या भेटीत दात, हिरड्या, जबड्याची ठेवण पाहणे, गरज वाटल्यास मऊ फिरत्या ब्रशने दात साफ करणे आणि फ्लोराइड वार्निश लावणे, याहून अधिक सहसा होत नाही. वार्निश ब्रशने दातांवर लावले जाते आणि लाळेच्या संपर्कात येताच घट्ट होते; काही प्रकारच्या वार्निशने दात दिवसभर किंचित पिवळसर दिसतात. त्यानंतर किती तास कडक व गरम पदार्थ टाळायचे आणि त्या रात्री ब्रश करायचा की नाही, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. एक्स-रे प्रत्येक मुलाला लागत नाही. दाढा एकमेकींना चिकटून असल्यामुळे मधला भाग डोळ्यांना दिसत नसेल किंवा काही शंका असेल, तर तो सुचवला जातो.

दुखणे घेऊनच जावे लागले तर

कधी कधी निवड उरत नाही. दाढ दुखते आहे किंवा पडल्याने दात तुटला आहे, आणि पहिली भेट त्याचसाठी आहे. अशा वेळी आठ दिवसांचा सराव शक्य नसतो, पण खरेपणा शक्य असतो. ‘तुझी दाढ दुखते आहे, ती बरी करायला आपण जातो आहोत, मी सोबत आहे’ एवढे सांगावे. वेदनाशामक दिले असेल तर कोणते, किती आणि केव्हा, हे दंतवैद्याला सांगावे. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये, आणि कोणतीही गोळी दुखऱ्या हिरडीवर ठेवू नये. तिने हिरडी भाजते. चेहऱ्यावर सूज आली असेल, सोबत ताप असेल किंवा गिळायला त्रास होत असेल, तर वेळ मिळण्याची वाट न पाहता त्याच दिवशी उपचार घ्यावेत, आणि श्वासाला अडथळा वाटत असेल तर थेट रुग्णालय गाठावे. आपटून दुधाचा दात मुळासकट बाहेर आला, तर तो परत हिरडीत बसवण्याचा प्रयत्न करू नये, कारण त्याने खालच्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते. कायमचा दात निघाला असेल, तर मात्र मूळ न चोळता, मुकुटाकडून, म्हणजे एरवी हिरडीबाहेर दिसणाऱ्या भागाकडून, धरून तो दुधात ठेवावा आणि तत्काळ निघावे. येथे मिनिटांचा हिशेब असतो.

बधिर करण्याचे इंजेक्शन द्यायचे असल्यास दंतवैद्य आधी हिरडीवर जेल लावतो, ज्याने टोचल्याची जाणीव कमी होते. नंतर दोन-तीन तास ओठ आणि गाल बधिर राहतात, आणि त्या अवधीत मूल गंमत वाटून ओठ चावत बसते. संध्याकाळी ओठ सुजलेला दिसतो तो उपचाराने नव्हे, या चावण्याने. म्हणून तेवढा वेळ त्याच्यावर लक्ष ठेवावे आणि चावून खाण्याचे पदार्थ टाळावेत. अगदी लहान किंवा घाबरलेल्या मुलाच्या बाबतीत ड्रिल न वापरता कीड थांबवण्यासाठी सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे द्रव सुचवले जाऊ शकते. ते वेदनारहित आहे, पण किडलेला भाग कायमचा काळा होतो, हे पालकांना आधी माहीत असावे.

ज्या मुलांना अधिक वेळ लागतो

स्वमग्न मुले, आवाज-स्पर्श-उजेड यांविषयी तीव्र संवेदनशील असलेली मुले, किंवा रुग्णालयात फार काळ काढलेली मुले यांच्यासाठी एकाच भेटीत तपासणी उरकण्याचा आग्रह धरू नये. पहिल्या खेपेला नुसते दार आणि स्वागतकक्ष, दुसऱ्या खेपेला खुर्ची, तिसऱ्या खेपेला आरसा, असे टप्पे करावेत. दवाखान्याच्या परवानगीने दाराचे, खुर्चीचे, दिव्याचे आणि डॉक्टरांचे फोटो काढून, ते क्रमाने लावून घरी रोज एकदा पाहावेत. दिव्यासाठी गॉगल आणि आवाजासाठी हेडफोन सोबत ठेवावेत. नेहमीचा चवीचा त्रास असेल तर घरचीच टूथपेस्ट दवाखान्यात न्यावी. बहुतेक दंतवैद्यांची त्याला हरकत नसते.

भेटीनंतर

कौतुक नेमके करावे. ‘तू किती वेळ तोंड उघडे ठेवलेस’ किंवा ‘तू हात वर करून थांबायला सांगितलेस, ते छान केलेस’ असे म्हणावे. ‘तू अजिबात रडला नाहीस’ हे कौतुक टाळावे, कारण पुढच्या वेळी रडू आले तर मुलाला ते अपयश वाटेल. त्याच संध्याकाळी मूल बहुधा स्वतःहून डॉक्टर-डॉक्टर खेळू लागते. त्याला खेळू द्यावे, मध्ये सुधारणा करू नयेत.

तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट, दिवसातून दोनदा, आणि सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्यांच्या हाताने किंवा देखरेखीखाली घासणे, एवढा परिपाठ बहुतेक मुलांना लागू पडतो. दंतवैद्याने वेगळे सांगितले असेल तर ते पाळावे. पुढची भेट साधारणपणे सहा महिन्यांनी असते, किडीचा धोका अधिक असलेल्या मुलांना त्याआधी बोलावले जाते. निघतानाच ती वेळ ठरवून घ्यावी, आणि मुलाला काय मानवले, काय मानवले नाही, कोणत्या आवाजाने ते दचकले आणि कोणत्या शब्दाने तयार झाले, हे त्याच्या नोंदवहीत लिहून ठेवण्याची दंतवैद्याला विनंती करावी, म्हणजे पुढच्या वेळी खुर्चीशी दुसरे कोणी उभे असले तरी ओळख पुन्हा पहिल्यापासून करावी लागणार नाही.